गोभीजवळचा कल्ला

"आजी! ये क्या किया आपने!"

रेवाची किंकाळी अशी, की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातला टॉवेल तसाच धरून कठड्याशी आली. मी कात्री घेऊन उभी होते. समोर काळ्या पिशव्यांमध्ये लावलेली आठ रोपं आणि माझ्या पदरात त्यांचे आठ हिरवे गड्डे, एकेक लिंबाएवढा. आठही मीच कापले होते. ऊन नुकतं गच्चीवर उतरलं होतं, किल्ला अजून धुक्यातच होता, आणि माझ्या अंगात, काय सांगू, नऊ वर्षांच्या पोरीचा उत्साह संचारला होता.

रेवा माझी नात. घरात बसून लॅपटॉपवर कुठल्याशा कंपनीचं काम करते, आणि रागावली की मराठीतून घसरून हिंदीत पडते. मराठीत मी तिची 'तू' असते, हिंदीत 'आप' होते. म्हणजे राग आला की माझा मान वाढतो! आमच्या ग्वाल्हेरच्या सगळ्याच पोरांचं असं आहे. माझंही काही फार वेगळं नाही, पण आता वय झालं म्हणून कोणी टोकत नाही, इतकंच.

"ब्रोकोलिनी आहे ती, आजी! अभी तो फूल बनना शुरू हुआ था! दोन महिने वाट बघत होते मी. सब ख़त्म कर दिया!"

"काही खतम-बितम नाही झालं," मी म्हटलं. "दहा-बारा दिवस थांब. आणि तोवर कल्ला कर."

"काय?"

"कल्ला. या रोपांपाशी उभी राहून. रोज सकाळी, जोरात."

तिने माझ्याकडे बघितलं, मग कात्रीकडे बघितलं, आणि तरातरा जिना उतरून आपल्या आईला सांगायला गेली की आजीला डॉक्टरकडे न्यावं लागणार आहे. मी एकटीच हसत बसले. अहो, तिचा काय दोष? ब्रोकोलिनी हे नाव तिला बियांच्या पाकिटाने शिकवलं, लांब दांड्यांची ब्रोकोली म्हणे. पण ती निळसर पानं, ते बारीक कळ्यांचं घट्ट डोकं, तोडल्यावर बोटांना येणारा तो किंचित मोहरीसारखा वास... मी तर पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. ही आमची कल्लेवाली! नाहीतर तिची सख्खी मावशी तरी नक्की.

थंडी आली की मला अजूनही असं होतं. बाड्याच्या चौकात गजक कुटायला लागतात, तीळ-गुळाचा तो खमंग वास गल्लीत शिरतो, मटाराच्या शेंगांचे ढीग लागतात आणि माझा पाय घरात ठरत नाही. सून म्हणते, "आई, एवढ्या गारठ्यात कुठे निघालात?" कुठे म्हणजे? थंडी आली आहे नं बाहेर! लोकांना वसंत आवडतो, श्रावण आवडतो. आवडू दे बापडा. मला ग्वाल्हेरची थंडी पाहिजे, बोटं बधिर करणारी, आणि त्याचं कारण माझे वडील.

माझ्या लहानपणी थंडी म्हणजे अण्णा. आम्ही वडिलांना अण्णा म्हणायचो. तेव्हा मध्य भारत नावाचं राज्य होतं आणि त्याच्या राजधान्या दोन होत्या. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. अण्णा सचिवालयात रेकॉर्डचे कारकून. दरसाल उन्हं तापली की दफ्तरांच्या पेट्यांना दोऱ्या बांधायच्या, लाखेची मोहर लावायची आणि पेट्यांसकट अण्णा इंदूरला. मग थेट दसरा-दिवाळीच्या सुमाराला परत. मला वाटायचं, राजधानी म्हणजे एक भली मोठी पेटी असणार, आणि तिची किल्ली अण्णांच्या जानव्याला. त्यांच्याबरोबरच ती येते नि जाते. त्यांचा टांगा आमच्या गल्लीच्या, दाना ओलीच्या, तोंडाशी वळला की मी आणि माझी धाकटी बहीण मंगल बोंबा मारत धावायचो, "राजधानी आली! राजधानी आली!" सगळी गल्ली हसायची.

आई तेव्हा मुद्दाम बाहेर यायची नाही. आत चुलीपाशी उगाच भांडी इकडची तिकडे करत बसायची. पण त्या दिवशी घरात गोभी-मटार असायचेच. फ्लॉवरला आम्ही गोभीच म्हणायचो, आजही म्हणतो. पुण्याच्या नातेवाइकांना हसायचं तर हसू दे. अण्णा आणि गोभी घरात एकदमच यायचे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग आलं छप्पन साल. अण्णा इंदूरहून परतले ते बातमी घेऊनच. मध्य भारत आता राहणार नाही, चार तुकडे जोडून एक मोठं राज्य होणार, आणि राजधानी भोपाळ.

"भोपाळ?" आईने पोळी तव्यावर टाकता टाकता विचारलं. "उन्हाळी इंदूर, हिवाळी ग्वाल्हेर. मग भोपाळ काय, पावसाळी?"

अण्णा हसले नाहीत. "अगं, एकच आता. बाराही महिने. आमचं खातं सगळं तिकडे जाणार. कायमचं."

"कायमचं काही नसतं सरकारात," आई बोलली. "आठ वर्षं बघतेय मी. जायचं, यायचं. सहा महिन्यांत याल परत."

आता हसू येतं, पण ही चूक आमच्या गावातच होऊ शकत होती. जिच्या दारात दरसाल राजधानी येत होती नि जात होती, तिला एकदा राजधानी गेली ती गेली, हे पटावं कसं? आई ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्मलेली, लष्करातच दिलेली. तिचं माहेर घरापासून हाकेच्या अंतरावर. भोपाळला घर मिळालं की सगळ्यांनी यायचं, असं अण्णांनी दोनदा काढलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "मी नाही यायची. सहा महिन्यांसाठी कोणी चूल हलवतं का?" मग तिसऱ्यांदा अण्णांनी विचारलंच नाही. त्यांचं तोंड मला अजून दिसतं. मला आणि मंगलला एवढंच कळत होतं की आई हलली नाही तर अण्णा तिकडे एकटे राहणार, आणि आता थंडी नुसतीच येणार. मी तर रडून घर डोक्यावर घेतलं.

त्या सगळ्या धामधुमीत आईच्या हाती ते बी आलं. आमच्याकडे पूजेची फुलं घालायला मातादीन यायचा. म्हातारा माळी. कुठल्याशा मोठ्या बंगल्यात त्याने जन्मभर परदेशी भाज्या पिकवल्या होत्या. बंगला रिकामा झाला, भाजीचे वाफे, क्याऱ्या मोडल्या, आणि हा दारोदार झेंडू द्यायला लागला. एके सकाळी त्याने धोतराच्या सोग्याची गाठ सोडून आईच्या तळहातावर चिमूटभर काळे दाणे ठेवले. मोहरीच वाटावी! "बाई, बिलायती गोभी है। हरी। बो दियो, मेरे पास तो अब जमीन नहीं।"

जमीन आमच्याकडे तरी कुठे होती? घरामागे न्हाणीघराच्या भिंतीला लागून दोन खाटा मावतील एवढी जागा. पण आईचा हात! तिने कुंडीच्या तुटक्या तुकड्यात बी पेरलं, रोपं बोटभर झाल्यावर सहा निवडली, चुलीतली राख घातली, आणि जागा अशी धरली की दुपारचं ऊन भिंतीवरून उलटून रोपांवर पडावं. आम्ही रोज शाळेत जाण्याआधी बघायला जायचो. पानं केवढी! निळसर, मेण फासल्यासारखी. पाण्याचा थेंब पडला की टपकन घरंगळून जायचा. मंगल तर ओंजळीने पाणी टाकत तासन्‌तास बसायची, तिची चोळी, परकर सगळं ओलं, वर आईचे धपाटे. अहाहा, काय दिवस होते!

आणि मग एक दिवस मधोमध कळी दिसली. हिरवी!

"कच्ची आहे," आई म्हणाली. "पांढरी होईल." चार दिवसांनी पुन्हा बघितलं तर आणखीच हिरवी. तिचा जीव खालीवर व्हायला लागला. तिने मनात धरलं होतं, अण्णा निघायच्या आधी त्यांना या नव्या गोभीची भाजी खाऊ घालायची. तेवढं जमलं की झालं. पण गोभी लिंबाएवढी झाली नि हुकूम आला. सोमवारी निघायचं.

रविवारी आईने विळी घेतली. सहाही रोपांची डोकी कापली. मी आणि मंगल भिंतीशी उभ्या राहून बघत होतो; मंगलने तर डोळ्यांवर हात घेतले. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि सगळी भाजी मिळून एक वाटी! लोखंडी कढईत तिने चमचाभर तूप घातलं, जिरं, हिंग, एक हिरवी मिरची, आणि ते इवले तुरे. झाकण ठेवायचं विसरली. म्हणून रंग राहिला. नुसता चरचर आवाज, आणि हिरवा रंग असा खुलला की आम्ही सगळे वाकून कढईतच बघत राहिलो.

अण्णांनी पहिला घास घेतला. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"अगं, हे तर हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचं आणि गोभीचं लग्न लावलंय कोणी!"

आई इतकी हसली! मग अण्णांनी एकेक तुरा आमच्या तोंडात घातला आणि एक तिच्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी टांगा आला. पेटीत स्वेटर, रजई, मफलर, चकल्यांचा डबा. छत्री तेवढी आईने खुंटीवरच ठेवली. "छत्री कशाला? पावसाच्या आत येणारच आहात." अण्णांनी छत्रीकडे बघितलं. स्टेशनाजवळच्या पडावापर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर टांग्यातून गेलो, आणि वाटेत त्यांनी आमच्याकडून भोपाळपर्यंतची स्टेशनं पाठ करून घेतली. "म्हणजे मी कुठे आहे ते तुम्हाला कळेल," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी आई खुरपी घेऊन मागे गेली. रोपं उपटायची, तिथे मेथी टाकायची. डोकं गेलेल्या रोपांत आता राहिलं काय? पहिल्या रोपाच्या बुंध्याशी तिने खुरपी घातली आणि तेवढ्यात मातादीन फुलं घेऊन आला.

"अरे रे रे, बाई! उखाड़ियो मत!" त्याने टोपली खाली ठेवली. "फूल काट लिया? बहुत अच्छा किया। अब तो कल्ले फूटेंगे! खूब कल्ला होने दो। जितना काटोगी, उतना कल्ला!"

आई खुरपी हातात धरून तशीच बसली. मी नि मंगल एकमेकींकडे बघायला लागलो. खूब कल्ला होने दो! म्हणजे या झाडाला आवाज लागतो! डोकं कापलं की ते झोपून जात असणार आणि आरडाओरडा केला की जागं होत असणार. बिलायती झाड ते, त्याचं काय सांगावं! मराठी घरातल्या दोन पोरींना 'कल्ला'चा दुसरा अर्थ माहीत असायचं कारणच काय? कल्ला म्हणजे आम्ही दिवसभर करायचो आणि ज्याबद्दल मार खायचो तो. आणि आता तोच करायचा हुकूम होता!

झालं! दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरू. दात घासले की मागच्या दारी. आधी पाढे ओरडलो, मग आरत्या ओरडलो, मग एकमेकींना शिव्या. एकदा शेजारचे काका भिंतीवरून डोकावले, "काय झालं? साप निघाला का?" म्हणून. आई आतून म्हणाली, "काही नाही भावजी, भाजीला हाक मारतायत." आम्हाला रागवायची राहिली बाजूला, उलट एखाद्या दिवशी आम्ही कंटाळलो तर म्हणायची, "आज झाडाला ऐकू गेलं नाही वाटतं." शेवटी आमचं एक ठरून गेलं. स्टेशनं ओरडायची! कारण त्यांना लय होती, आणि शेवट जोरात करता यायचा.

"ग्वाल्हेर! डबरा! दतिया! झाशी! तालबेहट! ललितपूर! बीना! बासोदा! विदिशा! सांची! भोऽऽपाळ!"

आणि काय सांगू तुम्हाला, दहाव्या का अकराव्या दिवशी पानांच्या बेचक्यातून फुटलं! एक नाही, दोन नाही. जिथे पान तिथे एक लुसलुशीत दांडी आणि तिच्या टोकाला बारीक हिरवा तुरा. करंगळीएवढ्या दांड्या! मंगल तिथेच फुगडी घालायला लागली, एकटीच. आई धावत आली, पदराला हात पुसत, आणि खाली बसून एकेक दांडी मोजायला लागली. अण्णा गेल्यापासून तिच्या तोंडावर असं काही मी बघितलं नव्हतं.

मग आम्ही खाल्लं! संक्रांत झाली, वसंत पंचमी झाली, आम्ही खातच होतो. दोन दिवसांआड कापायचं, की पुन्हा फूट. दांड्यांची खालची साल आई नखाने ओढून काढायची. आतली दांडी काकडीसारखी करकरीत, अर्धी तर आम्ही कच्चीच पळवायचो. कधी हिरवा लसूण ठेचून परतायची, कधी वरून बेसन पेरायची, कधी बाजरीच्या भाकरीवर तशीच, मीठ आणि लिंबू. मातादीन म्हणाला, सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या तेलात करून बघा. आईने नाक मुरडलं. आमच्या घरात ते तेल फक्त डोक्याला लावायला. पण एके दिवशी तिने गुपचूप थोडं तापवलं, त्यात लाल मिरची टाकली, आणि ठसका असा उडाला की तिघी खोकत खोकत अंगणात. पण मग कढई पुसून खाल्ली.

मी अण्णांना पत्र लिहिलं. पोस्टकार्डभर, कोपऱ्यातसुद्धा. 'झाड मेलं नाही. डोकं कापलं तरी मरत नाही. त्याच्याजवळ कल्ला करायचा म्हणजे फुटतं. आम्ही रोज स्टेशनं ओरडतो. तुम्ही तिथे लावा आणि ओरडा.'

अण्णांची पत्रं आईला यायची. क्वार्टर मिळालं, दोन खोल्या, मागे उघडी जागा. जागा किती पावलं लांब, किती रुंद, ऊन कुठवर येतं, हे सगळं त्यांनी लिहिलं होतं. 'या' असं एकदाही लिहिलं नव्हतं. आई पत्र वाचायची, देवाच्या तसबिरीमागे ठेवायची आणि म्हणायची, "बघू." या 'बघू'चा मला संताप यायचा. बघायचं काय त्यात? पाच पत्रं झाली तसबिरीमागे, गणपती भिंतीपासून पुढे यायला लागला!

एक सकाळ मला नेमकी आठवते. आम्ही दोघी ओरडत होतो आणि आई न्हाणीघरात कपडे धूत होती. "...डबरा! दतिया! झाशी! तालबेहट!..."

"बबीना राहिलं," आतून आवाज आला.

आम्ही वळून बघितलं.

"झाशीनंतर बबीना. मग तालबेहट. रोज विसरता."

कधी पाठ केलं तिने? अण्णांनी तर आम्हालाही बबीना सांगितलं नव्हतं. गाडी तिथे थांबायची नसेल किंवा ते विसरले असतील. आईने कोणाला तरी विचारलं असणार. मी मंगलला चिमटा काढला आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, बबीनासकट. न्हाणीघरात धोपाटणं थांबलं होतं. 'भोपाळ' ओरडून झाल्यावर परत सुरू झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईने तीन रोपांना हात लावणं बंद केलं. दांड्या लांब सुटल्या, कळ्या उकलल्या, आणि बघता बघता पिवळी फुलं! होळी येऊन गेली होती, मधमाश्या नुसत्या तुटून पडल्या होत्या, आणि आम्ही कासावीस. "आई, काप ना! वाया चालल्यात! आता कडू होतील!"

"होऊ देत. बी धरतेय."

"बी कशाला? मातादीन देईल की पुढच्या वर्षी."

आई एका फांदीला काठीचा आधार बांधत होती. आमच्याकडे न बघताच म्हणाली, "भोपाळला कुठला गं मातादीन?"

मला कळायला क्षणभर लागला. मग मी जो कल्ला केला! तसा त्या झाडांनी आधी कधी ऐकला नसेल. मंगलला काही कळलं नव्हतं, पण तीही ओरडली. शेजारचे काका पुन्हा भिंतीवर आले, "आज तरी साप आहे ना?" आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. ती तशीच हसत आत गेली, तसबिरीमागची सगळी पत्रं काढून परत एकदा वाचायला बसली.

शेंगा वाळल्या तेव्हा गरम वाऱ्याची लू सुरू झाली होती. आईने बी पाखडलं, अर्धं मातादीनला दिलं. "तुम्हीच दिलं होतं," ती म्हणाली. त्याने ते त्याच सोग्यात बांधलं आणि म्हणाला, "बाई, वहाँ की मिट्टी काली है। और अच्छा होगा।" उरलेलं तिने अण्णांच्या छत्रीच्या आत, काडीला पुरचुंडी बांधून ठेवलं. हो, छत्री! परीक्षा झाल्या आणि मे महिन्यात आम्ही निघालो तेव्हा ती छत्री आईच्याच हातात होती. भोपाळ स्टेशनवर अण्णांनी आधी छत्री बघितली, मग आम्हाला. "पावसाच्या आत आलो," आई म्हणाली.

क्वार्टरच्या मागे क्यारी तयार होती. ज्यांनी जन्मात हातात खुरपी धरली नव्हती त्यांनी खणलेली, वाकडी-तिकडी, एका टोकाला गुडघाभर तर दुसऱ्या टोकाला बोटभर. आई बघून इतकी हसली की अण्णांना घाम फुटला. त्या वर्षीच्या थंडीत तिथेही गोभीला डोकी आली, आईने कापली, आणि आम्ही दोघी सज्ज होऊन उभ्या राहिलो. अण्णा चष्मा सारखा करत शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे बघत म्हणाले, "हं. करा कल्ला."

सत्य मला कळलं आठवीत. हिंदीच्या तासाला बाईंनी 'कल्ला' शब्दाचा अर्थ विचारला. मी हात वर केला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. वर्ग कोसळला! बाईंच्या डोळ्यांतून पाणी. कल्ला म्हणजे कोंब हो, नुसता कोंब! नवी फूट! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी दप्तर फेकलं. "तुम्हाला माहीत होतं! दोघांनाही! दोन-दोन गावांत मला वेड्यासारखं ओरडायला लावलं!"

आईला हसू आवरेना. "अगं, घर किती गप्प झालं होतं तेव्हा," ती म्हणाली. "कोण सांगणार तुम्हाला गप्प बसा म्हणून?"

अण्णा हसले नाहीत. ते आराम खुर्चीत बसले होते, वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "मला माहीत होतं, कुसुम. मी हिंदीत सगळं दफ्तर चालवतो. पण तुझं पत्र आलं तेव्हा इथे काहीच नव्हतं. मी, एक खाट आणि मागचा उकिरडा. झाडसुद्धा नव्हतं. तरी मी ओरडलो होतो. रोज कचेरीत जायच्या आधी, मागच्या दारात उभं राहून. पण उलट्या बाजूने. भोपाळ, सांची, विदिशा करत करत ग्वाल्हेरपर्यंत. समोरचे चौबेजी मला वैद्याकडे न्यायला निघाले होते."

मी काय करणार? दप्तर उचललं नि खोलीत गेले. रडले मी त्या दिवशी. वर्गात हसले म्हणून नव्हे.

पुढे माझं लग्न झालं ते परत लष्करातच. नशिबाने मला पुन्हा त्या जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर आणून टाकलं! भोपाळची क्यारी अण्णा-आईने शेवटपर्यंत चालवली. ते बी मात्र कधी, कुठे संपलं, मला ठाऊक नाही. आता तीच गोष्ट नात पाकिटातून आणते, त्यावर चकचकीत चित्र, आणि नाव घेताना जीभ दोनदा अडखळते. बिघडलं काय? वास तोच आहे.

काल, म्हणजे बरोबर अकराव्या दिवशी, रेवा गच्चीवरून ओरडत खाली आली. "आजी! आजी, निकल आए! प्रत्येक पानाजवळ एक-एक! मैंने सर्च भी किया, बीच का फूल काटना ही पड़ता है! तुला कसं माहीत?"

मी तिला सगळं सांगितलं. कढईत सरसोंचं तेल तापत होतं, लाल मिरची पडली, दोघी खोकलो. तिने ऑलिव्ह ऑइलची बाटली हळूच कपाटात परत ठेवली. ताटलीतली शेवटची दांडी तिने सावकाश चावून संपवली. मग म्हणाली, "अण्णा पणजोबा रोज एकटे ओरडायचे?"

"रोज."

आज सकाळी मी गच्चीवर गेले तेव्हा ती आधीच तिथे होती. फोनवर स्टेशनांची यादी काढून, शाल गुंडाळून, रोपांसमोर उभी. शेजारची बाई आजही टॉवेल धरून कठड्याशी.

"आजी, इकडून की तिकडून?"

"तिकडून," मी म्हटलं.

आणि आम्ही दोघींनी सुरू केलं. भोपाळ, सांची, विदिशा, बासोदा, बीना. बबीना मी तिला विसरू दिलं नाही. ग्वाल्हेर आलं तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की अण्णांना ऐकू गेलं असतं.